माशांच्या तोंडाची खुर्ची

मी वाचायला शिकले ती दाढीचा फेस पुसायच्या कागदांवर. मनवेलपाड्यात माझ्या वडिलांचं सलून होतं. वस्तरा पुसायला कागद लागतो, आणि आमच्या भागात कागदाची टंचाई कधीच नव्हती. नळाला पाणी नसायचं, रस्त्याला डांबर नसायचं, पण पत्रकं असायची. पाण्यासाठी मोर्चा, टँकरवाल्यांविरुद्ध सभा, बिल्डरने गिळलेल्या मैदानासाठी सह्या, रक्तदान, निवडणूक, गणपतीची वर्गणी. जो तो आपला गठ्ठा सलूनच्या बाकावर ठेवून जाई, कारण तिथे माणूस अर्धा तास बसतो आणि काहीही वाचतो. आठवडा उलटला की बाबा उरलेली पत्रकं माझ्यापुढे टाकत आणि मी ती कात्रीने चौथाईत कापत असे. चौथाई कागदावर वाक्य पुरतं येत नाही. ‘नागरिकांनो, आणखी किती दिवस सहन’ एवढंच येतं. पुढचं मी मनात पूर्ण करायची. दुसऱ्याचं रागीट वाक्य पूर्ण करताना आपला थोडा राग त्यात घालावा लागतो. माझा स्वभाव तिथेच बिघडला असं आई म्हणते.

त्या सलूनमध्ये एकच खुर्ची होती. ती माझ्या आजोबांची.

सागाची. लाकूड एका मोडलेल्या गलबताचं, त्यामुळे खुर्ची घडली तेव्हाच तिचं लाकूड म्हातारं होतं. पाठीवर नागवेल कोरलेली, वसईच्या वाड्यांत खांबाला धरून चढते तशी, खालून वर, आणि वर जाताना पानं लहान होत गेलेली. दोन्ही हात पुढे येऊन माशांच्या तोंडात संपायचे. उघडी तोंडं, आत बोट जाईल एवढी पोकळी, कल्ल्यांच्या बारीक रेषा, गोल डोळे. पाय ठेवायची फळी होडीच्या नाळेसारखी पुढे निमुळती. हे सगळं असं का, तर खुर्ची करणारा सुतार होड्या बांधणारा होता. न्हाव्याची खुर्ची त्याने जन्मात पाहिली नव्हती. आजोबांनी ती मुंबईत गिरगावात एकदा पाहिली होती आणि त्याला हातवारे करून समजावली. सुताराने ऐकून घेतलं आणि त्याला जे येत होतं त्यातून ती घडवली.

त्याचं खरं डोकं दिसतं ते मान टेकायच्या जागी. एक खाचेदार दांडा, त्याला सात खाचा, आणि वर दोन बोटं फाकवावीत तशी लाकडी दुपाखी, आतून कापडाची गादी लावलेली. बुटक्या माणसाला तिसरी खाच, उंच माणसाला सहावी. मान एकदा त्या दुपाखीत बसली की ती तिथेच राहते. गिऱ्हाइकं तिथे झोपून जायची. बाबा त्यांना झोपेतच दाढी करून उठवत.

खुर्चीतला मासा कोणता यावर सलूनमध्ये कायम वाद असे. अर्नाळ्याचे कोळी आले की म्हणत, हा रावस. दुसरा कोणी म्हणे, रावसाचं तोंड असं असतं का? डोळे फुटलेत काय तुझे? बाबा कधी निकाल देत नसत. सोमवारी सलून बंद असे, त्या दिवशी ते जुन्या टूथब्रशने कल्ल्यांच्या रेषांतला वाळलेला साबण काढत, मग फडक्याने जवसाचं तेल लावत. माशांची नाकं हजारो तळव्यांनी घासून चपटी झाली होती. ती मात्र ते नुसती पुसत.

आता आजोबांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं मूळ गाव भुईगाव. आजोबा सकाळी काखेत धोकटी मारून घरोघर फिरत. धोकटी म्हणजे वस्तरा, कात्री, सहाण, वाटी ठेवायची कातडी पिशवी. ज्याच्या घरी जायचं त्याच्या मागच्या दाराने जायचं. मालक परसात पाटावर बसणार, आजोबा त्याच्यापुढे मातीत उकिडवे. काम झालं की मालक आंघोळीला पळणार, कारण न्हाव्याचा हात लागला. भात कापल्यावर सुपाने बलुतं मिळणार, ते देणाऱ्याच्या मर्जीने. हे आजोबांनी वीस वर्षं केलं. मग एके दिवशी त्यांनी ही खुर्ची आळीच्या तोंडाशी, चिंचेखाली आणून ठेवली आणि सांगितलं, उद्यापासून मी कोणाच्या दारात येणार नाही. दाढी करायची असेल त्याने इथे यावं.

मी अनेक जाहीरनामे वाचले आहेत. एवढा छोटा आणि एवढा पुरा दुसरा वाचला नाही.

पहिला महिना कोणी आलं नाही. पहिल्यांदा बसला तो सुतारच, स्वतःचं काम तपासायला. मग गावातले एक ख्रिस्ती शाळामास्तर आले, शनिवारी संध्याकाळी, रविवारच्या मिस्साला चेहरा स्वच्छ हवा म्हणून. त्यांच्यामागून त्यांची आळी आली, मग हळूहळू बाकीचे. केळीच्या मोठ्या वाडीचे मालक तेवढे आले नाहीत. तेव्हा ते तरुण होते. आजोबा ज्या परसांत उकिडवे बसत त्यांतलं पहिलं परस त्यांचंच. शेवटपर्यंत ते चिंचेखालून मान ताठ ठेवून जात राहिले, आणि आजोबांनी मरताना बाबांकडून वचन घेतलं: वस्तरा घेऊन कोणाच्या उंबऱ्यावर जायचं नाही.

इथे थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या खुर्चीत आजोबांनी सगळ्यांना बसवलं नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं कोणी आलं तर आजोबा म्हणत, आज वेळ नाही. मी कॉलेजात असताना हे मला कळलं आणि मी बाबांवर तुटून पडले. इतके दिवस मला अर्धीच गोष्ट का सांगितली? बाबा खुर्चीला तेल लावत होते. ते म्हणाले, “मी त्यांना विचारलं होतं. मी बारा वर्षांचा होतो. त्यांनी कानाखाली मारली. म्हणून तर मी ती खुर्ची इकडे आणली.” मनवेलपाड्यात इमारती उठत होत्या, चाळी भरत होत्या, कोकणातली, घाटावरची, मुंबईतली माणसं येऊन राहत होती, कोण कोणाचा हे कोणाला ठाऊक नव्हतं. तिथे बाबांनी आजोबांच्या नियमाशेजारी स्वतःचा एक नियम लावला. आधी येईल तो आधी बसेल. नगरसेवक असो, भंगारवाला असो. नियम आरशावर रंगाने लिहिलेला नव्हता. तो बाबांच्या पाठीत होता. कोणी रांग मोडून पुढे आला की ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहत, बस्स.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आजूबाजूला काचेची दारं आणि फिरत्या रेक्झिनच्या खुर्च्या आल्या होत्या. एकदा भुईगावहून शेजारच्या मेडिकलवाल्याच्या फोनवर निरोप आला. वाडीच्या मालकांचा मुलगा बोलत होता. वडिलांची दाढी करायची आहे, घरी येऊन जा. बाबा म्हणाले, घरी येत नाही. फोन ठेवला. मी त्या दिवशी इतकी खूश झाले की त्यांच्यासाठी नाक्यावरून जिलबी आणली.

पुढच्या रविवारी सलून भरलेलं असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, सुती साडी, खांद्याला पिशवी. पुरुषांच्या सलूनमध्ये बाई म्हणजे मी, आणि मी कोणाच्या लेखी बाई नव्हतेच. बाकावरचे पाचही जण गप्प झाले. फेस लावलेल्या गिऱ्हाइकाने तर तोंडच मिटून घेतलं.

“भाऊ, मी भुईगावहून आले,” ती म्हणाली. “वाडीवाल्यांची सून.”

“फोनवर सांगितलं ना ताई. मी घरी जात नाही.”

“ह्यांनी सांगितलं मला. मी विचारलं, का येत नाहीत? तर सासरेच म्हणाले, त्याच्या बापाला आपल्या परसात मातीत बसवायचो. तो नाही आला तर त्याला नावं ठेवू नका.”

बाबांचा वस्तरा थांबला नाही. पण मी त्यांची मुलगी आहे, मला त्यांची पाठ वाचता येते.

बाकावरून कोणीतरी म्हणालं, “मग रिक्षात घालून आणा की इकडे म्हाताऱ्याला.”

“अर्धं अंग गेलंय हो,” ती त्याच्याकडे वळून म्हणाली. “मानच धरत नाहीत. उशीवर टेकवली तर घसरते. गावातल्या न्हाव्याने दोनदा प्रयत्न केला, दोनदा कापलं. आता कोणाला हात लावू देत नाहीत. चार महिने झाले. जेवताना दाढीत भात अडकतो. मी काढायला गेले तर तोंड फिरवतात. लाज वाटते त्यांना.”

“आणि माझ्याकडून करून घेतील असं कोण म्हणालं?” बाबांनी विचारलं.

“तेच म्हणाले. त्या खुर्चीला मान टेकायला काहीतरी होतं म्हणे. चिंचेखालून जाताना बघायचे.”

सगळ्यांनी एकदम दुपाखीकडे पाहिलं. तिच्यात त्या वेळी एका पोस्टमनची मान होती, त्यानेही डोळे वर करून पाहायचा प्रयत्न केला.

“ताई, तुमच्या आधी पाच जण आहेत,” बाबा म्हणाले. “नंबर आला की बोलू.”

मला वाटलं, ती निघून जाईल. ती बाकावर दोन पुरुषांच्या मध्ये बसली. पिशवी मांडीवर घेतली, एक पत्रक उचललं आणि वाचू लागली. पाऊण तास बसली. माझ्या मनात तिच्याबद्दल आदर निर्माण झाला आणि मी तो लगेच दाबून टाकला, कारण मला तिच्या विरुद्ध बाजूला उभं राहायचं होतं.

तिचा नंबर आला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “मंगळवारी येतो. मानेखाली घ्यायला जुना मऊ पंचा काढून ठेवा. आणि भरपूर गरम पाणी.”

घरी मी जे बोलले ते आता आठवलं तरी कान तापतात. मी म्हणाले, वीस वर्षं मातीत बसलेल्या माणसाला दिलेलं एक वचन तुमच्याकडून पाळवत नाही. म्हणाले, एकदा गेलात की दारं उघडली. उद्या नगरसेवक बोलावेल, परवा बिल्डर. म्हणाले, दया हीच पळवाट असते, सगळी गुलामी दयेच्या दाराने परत येते. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. ते मी एका पत्रकासाठी लिहून ठेवलं.

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “दाढीत भात अडकतो म्हणाली ना ती?”

“आई, प्रश्न भाताचा नाहीये.”

“मग कशाचा आहे?”

मी बाबांकडे वळले. ते म्हणाले, “वस्तरा घेऊन गेलो तर मी त्यांच्या घरी गेलो. मी वस्तरा घेऊन नाही जात. मी दुकान घेऊन जातोय. खुर्ची येणार, आरसा येणार. खुर्चीत बसले की ते माझ्या दुकानात.”

“ही कोर्टातली चलाखी झाली.”

“असेल. पण त्यांची मान दुसऱ्या कशावर ठरणारही नाही.”

“म्हणजे तत्त्व की सोय? एक काहीतरी सांगा.”

“दोन्ही,” बाबा म्हणाले. “सुताराने दोन्हींसाठीच केली असेल ना ती?”

“मग सोमवारी तरी जा. सलून बंदच असतं.”

“सोमवारी गेलो तर ती सुट्टीतली चाकरी झाली. मंगळवारी जायचं. दुकान चालू असताना.” मग त्यांनी मला कागद आणायला सांगितला आणि खडूसारखा जाड स्केचपेन दिला. “लिही. आज दुकान भुईगावला.”

मी लिहिलेलं सगळ्यात छोटं पत्रक ते. चिकटवलं सलूनच्या शटरवर.

मी बरोबर गेले ते साक्षीदार म्हणून. बाबा कुठे वाकले तर मला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. नाक्यावरचा एक तीनचाकी टेम्पो ठरवला. ड्रायव्हर मिठागरांकडच्या गावातला, चाळिशीचा, गालावर चार दिवसांचे खुंट. खुर्चीला गोधड्या गुंडाळून दोरीने बांधली. बाबा मागे तिच्याजवळ उभे राहिले. मी पुढे, मांडीवर आरसा घेऊन. रेल्वे ओलांडून पश्चिमेला आलो, गास मागे पडलं, मग केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, अरुंद गल्ल्या, कुंपणांवरून रस्त्यात आलेल्या फांद्या. एका वळणावर टेम्पो अडकला आणि एका घरातून एक ख्रिस्ती आजी बाहेर आली. तिने खुर्चीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, “तू त्या न्हाव्याचा ना? परत आलास?” बाबा म्हणाले, “दाढीपुरता.”

घर बैठं होतं, लांबलचक, पुढे ओटी, मागे परस. मुलगा बाहेर आला. सरकारी नोकरीतला सभ्य माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं हे मला आज दिसतं. तो म्हणाला, “मागूनच घ्या ना खुर्ची. परसात मोरी आहे, केस पडले तर धुवायला बरं.”

मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. मी आरसा घट्ट धरला.

बाबा शांतपणे म्हणाले, “साहेब, दुकानाचं तोंड रस्त्याकडे असतं.”

मुलाला कळलं नाही. त्याच्या मागे उभ्या असलेल्या सुनेला कळलं. ती म्हणाली, “पुढूनच आणा,” आणि आत जाऊन ओटीच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्या खिळ्याला मी आरसा लावला. बाबांनी आणि ड्रायव्हरने खुर्ची पुढच्या पायऱ्यांवरून वर चढवली, गोधड्या सोडल्या, आणि ती ओटीच्या मधोमध ठेवली. मग मुलाने आणि सुनेने म्हाताऱ्यांना आतून धरून आणलं आणि बाजूच्या बाकावर उशा लावून बसवलं. मान एका बाजूला पडलेली. पांढरी दाढी छातीपर्यंत, मध्ये पिवळी पडलेली. एक डोळा अर्धा मिटलेला. दुसरा मात्र लख्ख उघडा, आणि तो खुर्चीवर होता.

बाबांनी पांढरं कापड झटकलं. “पहिला नंबर कोणाचा?”

सगळे म्हाताऱ्यांकडे पाहू लागले. उत्तर द्यायचं कशाला, असं सगळ्यांना वाटलं. बाबांनी ड्रायव्हरकडे बोट केलं. “खुर्ची टेकली तेव्हा हजर तू होतास. बस.”

“मी?” ड्रायव्हर दोन पावलं मागे सरला. “नाय नाय भाऊ, काय मस्करी करताव. मी तं डायवर मानूस. त्यांना बसू दे ना आधी.”

“चार दिवसांची दाढी आहे तुझी. बस.”

“अहो,” मुलगा पुढे झाला, “वडील ताटकळतायत. त्यांना फार वेळ बसवत नाही. ह्यांची नंतर करा की, हवी तर मी स्वतः—”

“दहा मिनिटं लागतील,” बाबा म्हणाले. “माझ्याकडे सगळेच थांबतात.” आणि पाठ करून उभे राहिले.

मी इतकी वर्षं तत्त्वांच्या गप्पा मारल्या, पण त्या क्षणी मी मनात म्हणत होते, बाबा, जाऊ दे, म्हाताऱ्याला घ्या आधी. माझ्याच्याने ते दहा मिनिटं सोसवेनात. ड्रायव्हर खुर्चीच्या कडेवर बसला, जणू ती तापलेली आहे. बाबांनी त्याचा खांदा मागे ढकलला, दुपाखी चौथ्या खाचेत बसवली, त्याला दिसेल असं नवं पातं वस्तऱ्यात घातलं. एड्सची पत्रकं आल्यापासून ते प्रत्येकाला पातं दाखवत. मग फेस. घाई नाही, वरवरचं नाही. गालावरून एकदा, उलट्या बाजूने एकदा, तुरटी, पंचा.

मग म्हातारे काहीतरी बोलले. शब्द अर्धे तोंडातच राहत होते. मुलगा कावराबावरा झाला. सुनेने कान जवळ नेला आणि सरळ होत म्हणाली, “ते म्हणतात, ह्याच्या बापाचाही हात असाच सावकाश होता.”

बाबा वळले नाहीत. पण त्यांची पाठ सैल झालेली मी पाहिली.

ड्रायव्हर उठला. बाबांनी कापड झटकलं आणि बाकाकडे पाहून म्हणाले, “या तात्या. तुमचा नंबर.”

तिघांनी मिळून त्यांना बसवलं. बाबांनी मऊ पंचा घडी करून दुपाखीवर घातला, दांडा आधी पार खाली घेतला, मग एक एक खाच वर नेला, दुसरी, तिसरी, असं करत, आणि हळूच त्यांचं डोकं त्यात टेकवलं. हात काढून घेतले. मान राहिली. चार महिन्यांत पहिल्यांदा ती सरळ राहिली होती. एका होडीवाल्या सुताराने न पाहिलेल्या वस्तूसाठी जो खाचेदार दांडा मनाने काढला, त्याने ती धरली होती. सून तोंडाला पदर लावून आत गेली.

मी बाबांना हजारो दाढ्या करताना पाहिलं होतं, पण ते काम मला त्या दिवशी दिसलं. आधी गरम पाण्याचा पंचा, पुन्हा पुन्हा, दाढी मऊ होईपर्यंत. मग कात्री. मग फेस. ज्या बाजूचं अंग गेलं होतं त्या बाजूचा गाल पिशवीसारखा सैल होता, पातं लावलं की कातडी पात्याबरोबर सरकणार. बाबांनी डाव्या हाताची दोन बोटं कानापाशी ठेवून कातडी वर ओढली, करंगळी हनुवटीवर टेकवली, आणि वस्तरा बोटभरच चालवला. उचलला. पुसला. कागद मी धरला होता. पुन्हा बोटभर. ओठाच्या लोंबत्या कोपऱ्याशी ते श्वास रोखून वाकले. वाकले, हो. ते पाहायलाच मी आले होते, आणि मला त्यात कुठेही पडतं घेणं दिसलं नाही. एक कारागीर आपल्या कामावर वाकला होता, जसा तो सुतार ह्याच लाकडावर वाकला असेल.

म्हाताऱ्यांचा चांगला हात खुर्चीवर फिरत होता. तो माशाच्या तोंडाशी आला, बोट आत गेलं.

“कुठला?” त्यांनी विचारलं. एवढं मला कळलं.

“भांडण आहे त्यावर,” बाबा म्हणाले. “कोणी रावस म्हणतं, कोणी घोळ.”

“घोळ,” म्हातारे म्हणाले. ते एवढ्या ठामपणे म्हणाले की पायरीवर बसलेल्या ड्रायव्हरने मान डोलावली.

काम संपलं. मी आरसा काढून त्यांच्यापुढे धरला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग तुटक तुटक बोलले, आणि ह्या वेळी सून जवळ नसल्याने मीच कान दिला. तेव्हा दाढीसाठी वसईला जायचो, ते म्हणत होते. पायी. हट्टाने. चिंचेखालून.

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “माझे वडील बघायचे तुम्हाला जाताना.”

माफी मागितली गेली नाही, दिलीही गेली नाही. माझ्यातली पत्रकवाली बराच वेळ तिची वाट पाहत होती.

निघताना सून सूप घेऊन आली. तांदूळ, नारळ, वर केळ्यांची फणी. बाबांनी सुपाकडे पाहिलं आणि हात जोडले. “ताई, दाढीचा जो भाव दुकानात तोच इथे. तेवढाच द्या. केळी पाहुण्याला देतात तशी देणार असाल तर घेईन, पण सुपातून नको.” तिने सूप खाली ठेवलं, फणी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “ही पोरीला.”

परत येताना मी पुढे बसले नाही. मागे बाबांजवळ उभी राहिले, खुर्चीला धरून. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण वारा होता आणि मला शब्द सापडत नव्हते, जे माझ्याबाबतीत क्वचित घडतं. मी म्हणाले, “खाच कितवी होती?” ते म्हणाले, “पाचवी. त्यांच्या उंचीला सहावी लागायला हवी. माणूस खचलाय.”

ते पत्रक मी छापलं नाही. सगळी गुलामी दयेच्या दाराने परत येते, हे वाक्य मला अजूनही खोटं वाटत नाही. मी त्यानंतर अशी बरीच दारं पाहिली. पण बाबा त्या दाराने गेले नव्हते. ते पुढच्या पायऱ्यांवरून गेले होते, आणि जाताना आजोबांचा नियम आणि स्वतःचा नियम दोन्ही गोधडीत बांधून घेऊन गेले होते. माझ्याकडे तेव्हा राग होता, वाक्यं होती. असं काही सुचण्याएवढं कसब नव्हतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा मंगळवार आला. शटरवर तोच कागद लागला, तोच टेम्पो ठरला. ओटीवर खिळा मोकळाच होता. खुर्ची टेकली, बाबांनी कापड झटकलं आणि ड्रायव्हरकडे पाहिलं. तो हसत होता. गाल तुळतुळीत. सकाळीच घरी दाढी करून आला होता, हनुवटीखाली ब्लेडने कापल्याची एक बारीक खूणही होती. म्हाताऱ्या माणसाला थांबावं लागू नये म्हणून.

बाबांनी त्याची हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे वळवून पाहिला. मग मानेवरून हात फिरवला.

“केस वाढलेत तुझे,” ते म्हणाले. “बस.”

ड्रायव्हरने गडबडून बाकाकडे पाहिलं. उशांना टेकलेल्या म्हाताऱ्यांनी चांगला हात वर केला.

“बस रे,” ते म्हणाले. “मी कुठे जातोय?”